पान किती जुनं चालेल? एनजिनएक्सवर कॅशिंग लावायची पद्धत, पायरी-पायरीने

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात पाऊस लागून राहिला की सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: पाणी किती फूट? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी इशारा पातळीच्या जवळ आलं की माणसं घटकाभरानं मोबाइल काढून आकडा बघत बसतात. अशी पातळी दाखवणारं एखादं साधं पान तुम्ही चालवत असाल, तर त्या चार-आठ दिवसांत सर्व्हरवर येणारा भार वर्षभरात एरवी कधी येत नाही. आणि एवढी गर्दी जो आकडा बघायला येते, तो फार तर तासाला एकदा बदलतो. मधल्या तासात आलेल्या प्रत्येक माणसासाठी पीएचपी (सर्व्हरवर पान बांधणारी भाषा) तोच कोड चालवतं, डेटाबेसला तेच विचारतं आणि तेच पान नव्यानं बांधून देतं. सर्व्हर बसतो तो या फुकटच्या कामानं. ते वाचवायचा उपाय म्हणजे कॅशिंग: एकदा बांधलेल्या पानाची प्रत ठेवायची आणि पुढच्यांना तीच द्यायची.

दुसरं उदाहरण कोल्हापुरातल्या चप्पल लाइनवरच्या एखाद्या दुकानाच्या ऑनलाइन शाखेचं घेऊ. वर्डप्रेसवर वूकॉमर्स (दुकान चालवायचं प्लगइन), तीन-चारशे जोड, प्रत्येकाचे पाच-सहा फोटो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोनंतर ती जगभर गाजली. अशा दिवशी चार पैसे मिळवायची संधी असते आणि नेमकी त्याच दिवशी साइट पांढरा पडदा दाखवते. दर महिन्याला मोठा सर्व्हर घेऊन पैसे भरण्यापेक्षा आहे त्याच सर्व्हरवर नीट कॅशिंग लावणं कधीही परवडतं.

पुढचं सगळं तुमच्याकडे स्वतःचा व्हीपीएस (भाड्याचा, पण पूर्ण ताबा असलेला आभासी सर्व्हर) आहे असं धरून लिहिलं आहे: उबुंटू, एनजिनएक्स (लोकांपर्यंत पान पोचवणारा वेब सर्व्हर), पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणारी सेवा). दोन जीबी रॅमचा सर्व्हर पुरे. सेटिंगची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतोय. कॉन्फिग फाइलमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर घालून लिहायची.

आधी मोजा

साइट ‘स्लो’ आहे म्हणजे नक्की काय, हे कळल्याशिवाय फाइलला हात लावू नका. सर्व्हरवर लॉग-इन होऊन तिथूनच कर्लनं (आज्ञा टाइप करून पान मागवायचं साधन) पान मागवा आणि त्याला ‘टाइम स्टार्टट्रान्सफर’ छापायला सांगा. पहिला बाइट यायला किती वेळ लागला ते कळतं. मग तेच घरच्या इंटरनेटवरून करा.

सर्व्हरच्या आतूनच सेकंद-दीड सेकंद लागत असेल तर वेळ पीएचपी आणि डेटाबेस खातंय, पानाचं कॅशिंग लावलं की फरक लगेच दिसेल. आतून शंभर मिलिसेकंदात पान मिळतंय पण मोबाइलवर उघडायला पाच सेकंद लागतात, असं असेल तर दुखणं वेगळं आहे: चार-चार एमबीचे फोटो, किंवा सर्व्हर अमेरिकेत आणि गिऱ्हाईक राजारामपुरीत. त्यावर पानाचा कॅश हे औषध नाही. गुगलच्या मोजपट्टीत पहिला बाइट ०.८ सेकंदात आणि पानातला मुख्य भाग २.५ सेकंदात दिसणं ‘चांगलं’ धरतात. तेवढं ध्येय ठेवा.

एनजिनएक्सच्या लॉग फॉरमॅटमध्ये दोन गोष्टी वाढवून ठेवा: ‘रिक्वेस्ट टाइम’ आणि ‘अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम’. दोन दिवस लॉग जमू दे. कोणती पानं जास्त मागितली जातात आणि कोणती जड आहेत, हे अंदाजानं सांगणाऱ्याचं बहुतेक वेळा चुकतं.

कागदावर यादी करा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि ती सर्व्हरवर होत नाही. साइटवरच्या प्रत्येक प्रकारच्या पानापुढे एकच गोष्ट लिहायची: हे किती जुनं दिसलं तर चालेल? हा निर्णय डेव्हलपरनं एकट्यानं घेऊ नये. चपलेचा भाव बदलल्यावर दहा मिनिटं जुना भाव दिसला तर चालेल का, हे दुकानाच्या मालकालाच विचारायचं. “चालतंय की” म्हणाले तर ठीक. पण सेल रात्री बाराच्या ठोक्याला सुरू करायचा असेल तर त्या दिवसापुरतं उत्तर वेगळं असतं.

दुकानाची यादी साधारण अशी निघते. फोटो, सीएसएस, जावास्क्रिप्ट: वर्षभर. जोडाचं पान आणि विभागांची पानं: दहा मिनिटं. ‘आमच्याविषयी’: तास. कार्ट, चेकआउट, माझं खातं: कधीच नाही, एक सेकंदही नाही. पाणीपातळीच्या पानाला तीस सेकंद.

तीस सेकंद कमी वाटतात, पण हिशोब करून बघा. सेकंदाला पन्नास माणसं येत असतील तर तीस सेकंदांत दीड हजार मागण्या झाल्या. त्यातली पीएचपीपर्यंत जाते एक.

यादी करतानाच पानाच्या आतला मजकूरही तपासा. ‘५ मिनिटांपूर्वी अपडेट’ अशी ओळ सर्व्हर छापत असेल तर कॅशमध्ये ती गोठते. पान अर्धा तास जुनं झालं तरी ते पाच मिनिटांपूर्वीचंच म्हणत राहतं. त्याऐवजी नोंदीची ठाम वेळ छापा: ‘पातळी ३८ फूट ६ इंच, नोंद सकाळी ११ ची’. ही वेळ डेटाबेसमधल्या नोंदीतून आली पाहिजे, सर्व्हरच्या घड्याळातून नाही. ‘नमस्कार, अमुकतमुक’ अशा ओळी, कार्टमधल्या नगांची संख्या, ‘आत्ता इतके लोक बघत आहेत’ असले आकडे, हे सगळं कॅश होणाऱ्या पानातून काढून जावास्क्रिप्टनं वेगळं आणावं लागतं. वूकॉमर्सच्या अनेक थीममध्ये छोट्या कार्टचा आकडा असाच मागाहून येतो. तुमच्या थीममध्ये येतो का, ते बघून घ्या.

ब्राउझरच्या कॅशपासून सुरुवात

हे सगळ्यात सोपं आणि यात धोका कमी. फोटो, फाँट, सीएसएस यांच्या लोकेशन ब्लॉकमध्ये (कॉन्फिगमधला ठरावीक पत्त्यांपुरता भाग) ‘एक्सपायर्स’ एक वर्ष ठेवा. एनजिनएक्स आपण होऊन ‘कॅशे-कंट्रोल’ हेडरमध्ये (उत्तरासोबत जाणाऱ्या सूचनेच्या ओळीत) ‘मॅक्स-एज’ ३१५३६००० सेकंद घालून पाठवतं. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आलं की त्याच्या मोबाइलमधून या फायलींसाठी सर्व्हरला विचारणाही होत नाही.

अट एकच: फाइल बदलली की तिचा पत्ता बदलला पाहिजे. वर्डप्रेस सीएसएस आणि जावास्क्रिप्टच्या पत्त्यापुढे आवृत्तीचा आकडा जोडतं, त्यामुळे तिथे अडचण नाही. पण फोटो त्याच नावानं वरून पुन्हा चढवला, तर जुन्या गिऱ्हाइकाला वर्षभर जुनाच फोटो दिसू शकतो. नवा फोटो नव्या नावानं चढवायची शिस्त दुकानातल्या मुलांना लावता येत नसेल, तर फोटोंची मुदत आठवड्यावर आणा. सर्व्हरवरचा कॅश तुम्ही पुसू शकता, लोकांच्या मोबाइलमधला पुसायला जाता येत नाही.

म्हणूनच एचटीएमएल पानाला ब्राउझरमध्ये मोठी मुदत कधी देऊ नका. पानासाठी एनजिनएक्सच्या ‘अॅड हेडर’ या ओळीनं ‘नो-कॅशे’ पाठवा. यात ब्राउझर प्रत ठेवतो, पण वापरण्याआधी दर वेळी सर्व्हरला विचारतो. मुळीच प्रत ठेवू नको असं सांगायचं असेल तर ते ‘नो-स्टोअर’, आणि ते चेकआउट, खातं अशा पानांना. काहीच सांगितलं नाही तर ब्राउझर स्वतःच्या अंदाजानं वागतो: ‘लास्ट-मॉडिफाइड’पासून जेवढा काळ लोटला त्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास ताजं धरायची मुभा त्याला एचटीटीपीचे नियमच देतात. आपण गप्प बसलो म्हणजे कॅशिंग बंद आहे असं समजू नका.

एनजिनएक्समधला एक खड्डा इथेच सांगतो. ‘अॅड हेडर’ वरच्या सर्व्हर ब्लॉकमध्ये लिहिलं आणि आतल्या लोकेशनमध्ये आणखी एक ‘अॅड हेडर’ लिहिलं, तर वरचे सगळे त्या लोकेशनपुरते गळून पडतात. कॅशिंगसाठी एक ओळ वाढवली आणि सुरक्षेची हेडर गायब झाली, हे असंच होतं. आतल्या ब्लॉकमध्ये ती पुन्हा लिहावी लागतात.

शेअर्ड होस्टिंगवर अपाचे असेल तर हेच काम ‘डॉट एचटीअॅक्सेस’ फाइलमध्ये ‘मॉड एक्सपायर्स’नं होतं. लाइटस्पीड सर्व्हर असेल तर त्यांचं वर्डप्रेस प्लगइन पानांचं कॅशिंगही सांभाळतं. अशा होस्टिंगवर असाल तर खालचा भाग तत्त्व म्हणून वाचा, प्रत्यक्ष बटणं प्लगइनमध्ये सापडतील.

ओपीकॅश चालू आहे ना

पीएचपी ५.५ पासून ओपीकॅश सोबतच येतं. कोड दर वेळी नव्यानं वाचून, त्याचं भाषांतर करण्याचा वेळ ते वाचवतं. पीएचपीची माहिती छापून ते चालू आहे याची खात्री करा. नेहमीची १२८ एमबी जागा एका दुकानाला पुरते. एकाच सर्व्हरवर पाच-सहा वर्डप्रेस साइट कोंबल्या असतील तर वाढवा.

पानांचा कॅश: खरं काम इथे

एनजिनएक्सला सांगायचं की पीएचपीनं बांधलेलं पान डिस्कवर ठेव आणि पुढच्याला तेच दे. यासाठी ‘फास्टसीजीआय कॅशे पाथ’ ही ओळ एचटीटीपी ब्लॉकमध्ये, म्हणजे सर्व्हर ब्लॉकच्या बाहेर लिहायची. तिच्यात पाच गोष्टी येतात.

पहिली, फोल्डर. तो एनजिनएक्स ज्या युजरखाली चालतो त्याच्या मालकीचा हवा. दुसरी, ‘लेव्हल्स’, तिथे १:२ लिहा, म्हणजे हजारो फायली एकाच फोल्डरात साचत नाहीत. तिसरी, ‘कीज झोन’, म्हणजे कॅशला एक नाव आणि मेमरीतली जागा. हेच नाव पीएचपीच्या लोकेशनमध्ये ‘फास्टसीजीआय कॅशे’पुढे लिहिलं की कॅश चालू होतो. एका एमबीत सुमारे ८,००० पानांच्या किल्ल्या मावतात, त्यामुळे दहा एमबी तुमच्या आयुष्याला पुरेल. चौथी, ‘मॅक्स साइज’, पाचशे एमबी ठेवा. हे लिहायला विसरलात तर कॅश डिस्क भरेपर्यंत वाढू शकतो.

पाचवी ‘इनअॅक्टिव्ह’, आणि हिच्याबद्दल हमखास गैरसमज होतो. पान इतका वेळ कुणी मागितलं नाही तर ते काढून टाक, असा तिचा अर्थ. पान ताजं आहे की शिळं, याच्याशी तिचा संबंध नाही. न लिहिल्यास ती दहा मिनिटं असते. म्हणजे ‘आमच्याविषयी’ला तुम्ही तासाची मुदत दिली, पण ते पान वीस मिनिटांनी एकदाच उघडलं जातं, तर कॅशचा उपयोग शून्य. ‘इनअॅक्टिव्ह’ साठ मिनिटं किंवा जास्त ठेवा.

आता ‘फास्टसीजीआय कॅशे की’, म्हणजे कोणती मागणी कोणत्या साठवलेल्या पानाशी जुळवायची. नेहमीची रचना चार भागांची: स्कीम (एचटीटीपी की एचटीटीपीएस), रिक्वेस्ट मेथड (मागणीचा प्रकार), होस्ट (साइटचं नाव), रिक्वेस्ट यूआरआय (मागितलेला पूर्ण पत्ता). हीच ठेवा. इंटरनेटवर काही ठिकाणी शेवटच्या भागाऐवजी नुसतं ‘यूआरआय’ वापरलेलं दिसेल. वर्डप्रेसवर ते केलंत तर सत्यानाश. कारण ‘ट्राय फाइल्स’मधून (पत्त्यावर फाइल नसेल तर मागणी कुठे न्यायची ते सांगणारी ओळ) मागणी इंडेक्स डॉट पीएचपीकडे वळली की ‘यूआरआय’ची किंमतही इंडेक्स डॉट पीएचपी अशीच होते, प्रत्येक पानासाठी. मग सगळ्या साइटला एकच किल्ली. पहिल्या माणसानं मुख्यपान उघडलं की दुसऱ्याला चपलेच्या जागीही मुख्यपानच दिसतं.

‘रिक्वेस्ट यूआरआय’ची एक अडचण मात्र आहे. फेसबुकवरून आलेल्या दुव्याला ‘एफबीसीएलआयडी’ नावाची लांबलचक शेपटी असते, जाहिरातींच्या दुव्यांना ‘यूटीएम’ आणि ‘जीसीएलआयडी’. प्रत्येक शेपटी वेगळी, म्हणून किल्ली वेगळी, म्हणून कॅश कधी लागतच नाही. जाहिरातीवर पैसे खर्चून आणलेल्या गिऱ्हाइकालाच सगळ्यात मंद साइट मिळते. पाणीपातळीच्या पानाला प्रश्नचिन्हापुढचं काहीच नको असतं. तिथे ‘मॅप’ वापरून ‘रिक्वेस्ट यूआरआय’मधला प्रश्नचिन्हाआधीचा भाग वेगळ्या नावात घ्या आणि किल्लीत तोच वापरा. दुकानात मात्र मापाची चाळणी, पान क्रमांक, शोध हे सगळं प्रश्नचिन्हानंतरच येतं. तिथे सगळी शेपटी कापलीत तर ८ नंबर मागणाऱ्याला १० नंबरची यादी दिसेल. फक्त जाहिरातीच्या ओळखीच्या खुणाच काढा.

मुदत ‘फास्टसीजीआय कॅशे व्हॅलिड’नं द्यायची: २०० (पान मिळालं) ला दहा मिनिटं, ३०१ (पत्ता कायमचा बदलला) ला एक तास, ४०४ (पान नाही) ला एक मिनिट. आकडा न लिहिता नुसता वेळ दिला तर २००, ३०१ आणि ३०२ (पत्ता तात्पुरता बदलला) एवढीच उत्तरं साठवली जातात. ‘एनी’ लिहायचा मोह टाळा. डेटाबेस दोन सेकंद अडखळला आणि ५०० चं (सर्व्हरच्या चुकीचं) पान साठवलं गेलं, तर पुढची दहा मिनिटं ती चूक सगळ्यांना दिसत राहील.

कोणाला कॅश द्यायचा नाही

चुकलं तर महागात पडणारा भाग हा. २५ डिसेंबर २०१५ ला व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात कॅशिंगच्या सेटिंगमधली गडबड झाली आणि लोकांना दुसऱ्यांच्या खात्याची पानं दिसायला लागली. कंपनीनंच दिलेल्या माहितीनुसार सुमारे ३४ हजार जणांची माहिती उघडी पडली होती. आपल्या दुकानाचा पसारा छोटा आहे, पण एका गिऱ्हाइकाचा पत्ता दुसऱ्याला दिसला की गावात बोभाटा व्हायला वेळ लागत नाही.

एक ‘स्किप’ नावाचं चल बनवा, सुरुवातीला शून्य. तीन प्रसंगी ते एक करायचं. पत्ता कार्ट, चेकआउट, माझं खातं किंवा वर्डप्रेस अॅडमिनचा असेल तेव्हा. कुकीमध्ये ‘वर्डप्रेस लॉग्ड इन’, ‘डब्ल्यूपी-पोस्टपास’ (इथे अंडरस्कोर नाही, आडवी रेघ) किंवा ‘कमेंट ऑथर’ असेल तेव्हा. आणि ‘वूकॉमर्स आयटम्स इन कार्ट’ ही कुकी असेल तेव्हा, म्हणजे माणसानं टोपलीत काही टाकलं की तो कॅशच्या बाहेर. फॉर्म भरून आलेल्या पोस्ट मागण्या एनजिनएक्स मुळातच साठवत नाही.

हे चल दोन ठिकाणी लावायचं, आणि दोन्ही ठिकाणी लावायचंच. ‘फास्टसीजीआय कॅशे बायपास’ म्हणजे या माणसाला साठवलेलं पान देऊ नको. ‘फास्टसीजीआय नो कॅशे’ म्हणजे याच्यासाठी बांधलेलं पान साठवू नको. नुसतं पहिलंच लावलं तर काय होईल बघा: मालक लॉग-इन होऊन साइट बघतात, त्यांना ताजं पान मिळतं, वर काळी अॅडमिन पट्टी असलेलं. तेच पान कॅशमध्ये जातं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पट्टीसकट दिसतं.

एवढं करूनही कॅश लागत नसेल तर उत्तराची हेडर वाचा. ‘एक्सपायर्स’ पुढे १९ नोव्हेंबर १९८१ अशी तारीख दिसली तर समजा, कुठल्यातरी प्लगइननं पीएचपीचं सेशन (एकाच माणसाची ओळख ठेवणारी नोंद) सुरू केलंय. सेशन सुरू झालं की पीएचपी हीच जुनी तारीख आणि ‘नो-स्टोअर’ पाठवतं, आणि एनजिनएक्स ते मानून पान साठवत नाही. ‘सेट-कुकी’ असलेलं उत्तरही ते साठवत नाही. यावर ‘फास्टसीजीआय इग्नोर हेडर्स’मध्ये ही नावं टाकून द्या, असा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळेल. दुकानाच्या साइटवर तो ऐकू नका. ‘सेट-कुकी’कडे डोळेझाक केलीत तर एका माणसाची सेशन कुकी पानासोबत साठवली जाते आणि पुढच्या प्रत्येकाला वाटली जाते. स्टीमसारखा गोंधळ आपल्याकडे व्हायचा तर याच रस्त्यानं. त्यापेक्षा सेशन सुरू करणारं प्लगइन शोधा: एकेक बंद करून हेडर बघत गेलं की सापडतं.

मुदतीला वरूनही एक मर्यादा आहे. वर्डप्रेसच्या फॉर्ममध्ये ‘नॉन्स’ नावाचा गुप्त आकडा असतो, तो १२ ते २४ तासांत बाद होतो. पान त्याहून जास्त काळ कॅशमध्ये राहिलं तर चौकशीचा फॉर्म दिसतो, भरता येतो आणि पाठवला की नाकारला जातो. गिऱ्हाईक तक्रार करत नाही, दुसऱ्या दुकानात जातं. फॉर्म असलेल्या पानाला दहा तासांच्या वर जाऊ नका.

गर्दीच्या दिवसाची तयारी

तीस सेकंदांची मुदत संपते त्या क्षणी काय होतं? सेकंदाला पन्नास माणसं येतायत, कॅश शिळा झालाय, सगळ्या पन्नास मागण्या एकदम पीएचपीवर कोसळतात. दर तीस सेकंदांनी असा हिसका. त्यासाठी तीन सेटिंग्ज एकत्र लागतात. ‘फास्टसीजीआय कॅशे लॉक’ चालू केलं की नवं पान बांधायला एकच मागणी आत जाते, बाकीच्या थांबतात. ‘फास्टसीजीआय कॅशे यूज स्टेल’मध्ये ‘अपडेटिंग’ लिहिलं की थांबायचीही गरज नाही, नवं तयार होईपर्यंत जुनं दिलं जातं. आणि ‘फास्टसीजीआय कॅशे बॅकग्राउंड अपडेट’ चालू केलं की जो माणूस नेमका मुदत संपल्यावर आला त्यालाही ताटकळावं लागत नाही.

‘यूज स्टेल’मध्येच ‘एरर’, ‘टाइमआउट’ आणि ‘एचटीटीपी ५००’ लिहिलं तर डेटाबेस बंद पडला तरी साइट जुन्या प्रतीवर चालत राहते. दुकानाला हे वरदान आहे, डोळे मिटून लावा.

पाणीपातळीला मात्र विचार करून. या सोयीला वेळेची मर्यादा नाही. पान सतत मागितलं जात असेल तर ‘इनअॅक्टिव्ह’ही त्याला काढत नाही, त्यामुळे मागची यंत्रणा रात्रभर बंद असली तरी पुढे कालचाच आकडा दिसत राहतो. पाणी ४३ फुटांच्या वर गेलेलं असताना पानावर ३८ दिसणं हे साइट बंद असण्यापेक्षा वाईट. इथे ‘यूज स्टेल’मधून ‘अपडेटिंग’सकट सगळं काढून टाका आणि पीएचपीकडून ‘कॅशे-कंट्रोल’मध्ये ‘मॅक्स-एज’ ३०, ‘स्टेल-व्हाइल-रीव्हॅलिडेट’ ३० (‘अपडेटिंग’चंच काम, पण वेळेच्या मर्यादेत) आणि ‘स्टेल-इफ-एरर’ ३६०० पाठवा. एनजिनएक्स १.११.१० पासून हे पाळतं: चूक झाली तर तासभर जुनं दाखवेल, त्यानंतर नाही. एवढ्यावर न थांबता पानात चार ओळींचं जावास्क्रिप्ट घाला. नोंदीची वेळ आणि मोबाइलचं घड्याळ ताडून बघायचं, आणि दोन तासांपेक्षा जास्त फरक पडला तर आकड्यावर लाल पट्टी: ‘ही नोंद जुनी आहे’. कॅश कुठल्याही पातळीवर चुकला तरी ही पट्टी वाचणाऱ्याच्या हातातच ठरते, म्हणून ती भरवशाची.

लागलंय का ते तपासा

‘अॅड हेडर’नं ‘एक्स-कॅशे-स्टेटस’ असं हेडर बनवा आणि त्यात ‘अपस्ट्रीम कॅशे स्टेटस’ची किंमत घाला. कॉन्फिग तपासायची आज्ञा चालवा, चूक नसेल तर रीलोड करा. रीस्टार्ट नको.

तपासताना कर्लला फक्त हेडर मागायचा पर्याय वापरू नका. तो ‘हेड’ मेथडनं मागतो, आपल्या किल्लीत मेथड आहे, त्यामुळे त्याचा कॅश ब्राउझरच्या ‘गेट’पेक्षा वेगळा. ब्राउझरला ‘हिट’ (पान कॅशमधून आलं) मिळत असताना तुम्हाला ‘मिस’ (कॅशमध्ये नव्हतं) दिसतो आणि डोकं धरून बसायची वेळ येते. पूर्ण पान मागवा, मजकूर फेकून द्या आणि हेडर पडद्यावर काढा.

पहिल्यांदा ‘मिस’, लगेच दुसऱ्यांदा ‘हिट’ यायला हवा. लॉग-इन करून ‘बायपास’. टोपलीत जोड टाकून ‘बायपास’. मुदतीनंतर ‘स्टेल’ किंवा ‘अपडेटिंग’ आणि मग पुन्हा ‘हिट’. ‘हिट’ दिसला की खूश होऊन थांबू नका. दोन वेगळे मोबाइल घ्या, एकावर टोपलीत काळी कापशी चप्पल टाका, दुसऱ्यावर टोपली उघडा. ती रिकामीच असली पाहिजे. एकावर खात्यात लॉग-इन करा, दुसऱ्यावर माझं खातं उघडा. त्यानं लॉग-इन मागितलं पाहिजे. ही चाचणी मालकांच्या समोर करा, त्यांचाही विश्वास बसतो.

पुसायचं कसं

एनजिनएक्सच्या मोफत आवृत्तीत एखादंच पान पुसायची सोय आयती नाही. त्यासाठी वेगळं मॉड्यूल लागतं, किंवा वर्डप्रेससाठी ‘एनजिनएक्स हेल्पर’ हे प्लगइन आहे, ते जोड बदलला की संबंधित पानं कॅशमधून काढतं. हातानं करायचं तर साठवलेल्या फाइलचं नाव म्हणजे किल्लीचा एमडी५ (मजकुरावरून काढलेला ठरावीक लांबीचा सांकेतिक ठसा). त्याचं शेवटचं अक्षर हा पहिला फोल्डर, त्याआधीची दोन अक्षरं हा दुसरा.

तीन-चारशे जोडांच्या दुकानाला मी हे काही सुचवणार नाही. मुदत दहा मिनिटांची असताना एवढी यंत्रणा कशाला? फारच घाई असेल तर कॅशच्या फोल्डरातल्या सगळ्या फायली काढून टाका, कॅश आपोआप पुन्हा भरतो. फक्त ऐन गर्दीत हे करू नका, कारण सगळी पानं एकाच वेळी बांधायची वेळ येते. दसरा-दिवाळीचा सेल रात्री बाराला सुरू होणार असेल तर संध्याकाळीच मुदत एक मिनिटावर आणून ठेवा आणि भाव बदलून झाल्यावर पुन्हा दहावर न्या.

पुढे क्लाउडफ्लेअरसारखं सीडीएन (ठिकठिकाणच्या सर्व्हरवर तुमच्या फायलींच्या प्रती ठेवून वाटणारी सेवा) लावलं असेल तर लक्षात ठेवा, ते मुळात फोटो-सीएसएस वगैरे साठवतं, एचटीएमएल पानं नाही. पानंही साठवायचा नियम तुम्ही तिथे लिहिलात तर वरची सगळी कुकींची यादी तिथेही लिहावी लागेल. एनजिनएक्समधला ‘स्किप’ त्याला ठाऊक नसतो. आणि मग भाव बदलल्यावर दोन ठिकाणी पुसायचं, तेही आधी आतलं आणि मग बाहेरचं. उलटं केलंत तर बाहेरचा कॅश आतलं शिळं पान उचलून पुन्हा भरतो.

सुरुवातीला सगळ्या मुदती मुद्दाम लहान ठेवा. लॉगमध्ये ‘कॅशे स्टेटस’चा रकाना वाढवा आणि आठवड्यानं ‘हिट’ किती, ‘मिस’ किती, ते मोजा. जोडांच्या पानांवर ‘मिस’ जास्त दिसले तर मुदत वाढवायच्या आधी किल्ली तपासा, बहुतेक वेळा कुठल्यातरी नव्या जाहिरातीची शेपटी सापडते. ‘बायपास’ अचानक वाढले तर नवं प्लगइन प्रत्येकाला कुकी देत सुटलंय का ते बघा. आणि पावसाळ्याआधी, मे महिन्यातच, पाणीपातळीच्या पानामागचा डेटाबेस पाच मिनिटं मुद्दाम बंद करा, लाल पट्टीची मर्यादा तेवढ्यापुरती एका मिनिटावर आणा आणि पान काय दाखवतं ते स्वतःच्या मोबाइलवर बघा.